घालूनपाडून इंग्रजी

माझं इंग्रजी चांगलं आहे, असा आमच्या शाखेत एक जुना गैरसमज आहे. तो कसा पसरला कोण जाणे. नोकरीला लागल्यावर पहिल्याच रजेच्या अर्जात मी ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड’ असं ठोकून दिलं होतं, त्याचा तो परिणाम असावा. वास्तविक माझी शाळा मराठी माध्यमाची. वडिलांना इंग्रजी आठवीत भेटली, मला पाचवीत भेटली, एवढीच काय ती घराण्याची प्रगती. पुढे बी. कॉम. झालो, पण तिथे इंग्रजीचा संबंध डेबिट आणि क्रेडिट या दोन शब्दांपुरता, आणि त्यांतही कुठला डावीकडे हे परीक्षेच्या आदल्या रात्री पाहून घ्यावं लागे. तरीही शाखेत काही इंग्रजीतून लिहायचं निघालं की कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर येऊन बसतो.

गेल्या डिसेंबरात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब ओडिशाचे. मराठीतलं त्यांना ‘चहा’, ‘रजा’ आणि ‘उद्या या’ एवढंच कळतं, आणि बँक चालवायला ते पुरतं. त्यांनी दोन पानी पत्र पुढे सरकवलं. वरच्या कार्यालयात गेलेली ती तक्रार होती. तिथल्या साहेबांनाही मराठी येत नसल्यामुळे ‘इंग्रजी भाषांतर व शाखेचे म्हणणे तीन दिवसांत पाठवावे’ असा शेरा घेऊन ती परत आली होती.

अक्षर पाहूनच मी समजलो, मास्तरांचं आहे. असं अक्षर आता फक्त निवृत्त मास्तरांकडे आणि लग्नपत्रिकांवर उरलं आहे. मजकूर असा होता:

‘दिनांक १४ नोव्हेंबर रोजी मी हयातीचा दाखला देण्यासाठी कल्याणहून आपल्या ठाणे येथील शाखेत आलो. काउंटर क्रमांक तीनवरील चष्मेवाले गृहस्थ प्रथमपासूनच माझ्यावर खेकसत होते. माझा अंगठा यंत्रावर उमटेना, तेव्हा ते मला टाकून बोलले. दुसरा काही मार्ग आहे काय, असे विचारले ते त्यांनी उडवून लावले. मी उभाच राहिलो, तर वसकन अंगावर आले, रांगेतील लोकांदेखत मला घालूनपाडून बोलले आणि अखेर वाटेला लावले. मी बेचाळीस वर्षे शिक्षक होतो. अंगठेबहाद्दरांना सही शिकवण्यात माझे आयुष्य गेले. आता सही चालत नाही, अंगठा मागतात, आणि तोही माझा नव्हे असे म्हणतात.’

साहेबांनी विचारलं, “हा काउंटर तीनवाला कोण?”

काउंटर तीनवर एरवी आमच्या एक ताई बसतात. त्यांना चष्मा नाही, आणि गृहस्थ तर त्या मुळीच नाहीत. त्या दिवशी त्या रजेवर होत्या. त्यांच्या जागी जे चष्मेवाले गृहस्थ बसले होते, ते या क्षणी साहेबांसमोर उभे राहून पत्राची घडी घालत होते. “बघून सांगतो,” असं म्हणून मी केबिनबाहेर आलो. आरोपी आणि दुभाषा एकच असण्याचा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होता.

त्या दिवशी काय झालं होतं ते मला चांगलं आठवत होतं. नोव्हेंबर महिना म्हणजे पेन्शनरांची पंढरीची वारी. पूर्वी कागदावर सही करून भागायचं. २०१४ सालापासून अंगठा टेकवून दाखला देण्याची सोय झाली आहे. सोय खरी, पण सत्तरीपुढच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, हे यंत्राला कोण सांगणार? मी सकाळपासून शंभरेक अंगठे दाबून घेतले होते. मास्तरांचा अंगठा पाच वेळा नापास झाला. मी म्हणालो, “काका, तुम्ही तुम्हीच आहात हे मशीनला पटत नाहीये, मी काय करू?” रांगेतले चारदोघे हसले. आता, फावल्या वेळात विनोद लिहिणाऱ्या माणसाचं असं असतं, की कुणी हसलं की त्याला थांबवत नाही. मी आणखी एक टाकलं. “असं करा काका, घरी जाऊन नीट हयात होऊन या.” सगळी रांग हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागद पिशवीत घातले आणि गेले. हे वाक्य मी संध्याकाळी गाडीत मित्रांनाही ऐकवलं होतं, आणि तिथेही ते चांगलं चाललं होतं.

पत्रात मात्र ते वाक्य नव्हतं.

भाषांतराचा पहिला खर्डा मी घरी जाताना दिवा ते डोंबिवली एवढ्या प्रवासात, चौथ्या सीटवर अर्धा बाहेर बसून तयार केला. चौथ्या सीटवर माणूस मोठं काही लिहू शकत नाही. मी लिहिलं: ‘आय बेग टु ब्रिंग टु युवर काइंड नोटिस दॅट द काउंटर स्टाफ मिसबिहेव्ड विथ मी अँड डिड नॉट एक्स्टेंड द डिझायर्ड कोऑपरेशन.’ खेकसणे, टाकून बोलणे, उडवून लावणे, अंगावर येणे, घालूनपाडून बोलणे, वाटेला लावणे ही सहा क्रियापदं एका ‘मिसबिहेव्ह’मध्ये आरामात बसली. चौथ्या सीटवर मी बसलो होतो त्यापेक्षा आरामात. खोटं काही लिहिलं नव्हतं. माझ्या मनाला बरं वाटलं.

घरी सौ.ने टेबलावरचं मास्तरांचं पत्र वाचलं आणि ती म्हणाली, “कोण हा मेला चष्मेवाला?”

मी चष्मा काढून पुसू लागलो.

मग तिने माझा खर्डा वाचला. पुन्हा मराठी पत्र वाचलं, पुन्हा खर्डा वाचला आणि म्हणाली, “अहो, इंग्रजीत तर काही झालेलंच दिसत नाही.”

बायकांच्या तोंडून सहज निघालेली वाक्यं पुष्कळदा रात्रभर झोपू देत नाहीत. मला वाटू लागलं, ही म्हणते ते एकट्या माझ्या खर्ड्याबद्दल खरं नाही. आपल्या कचेऱ्यांमधल्या इंग्रजीत गेली पावणेदोनशे वर्षं काही झालेलंच नाही. मोठमोठे अपमान झाले, माणसं कोसळली, रडली, राजीनामे देऊन गेली. पण कागदावर पाहावं तर सगळीकडे ‘इन्कन्व्हीनियन्स इज रिग्रेटेड’. हे असं का झालं, याचा शोध घ्यायचं मी ठरवलं. मुदत तीन दिवसांची होती, त्यामुळे इतिहासही तेवढ्यात आटपणं भाग होतं.

मराठी माणूस इंग्रजी शिकला तो शेक्सपिअर वाचायला म्हणून नव्हे. तसं सांगायची पद्धत आहे, ते सोडा. २ फेब्रुवारी १८३५ला मेकॉलेसाहेबांनी आपलं ते प्रसिद्ध टिपण लिहिलं, आणि हळूहळू इंग्रजी म्हणजे नोकरी असं समीकरण ठरून गेलं. आमच्या भागापुरतं बोलायचं तर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी आली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात ती कल्याणला पोचली. गाडी आली म्हणजे तिकिटं आली, मालाच्या पावत्या आल्या, वह्या आल्या, आणि वह्या भरायला थोडंफार इंग्रजी जाणणारा कारकून आला. त्या गाडीतून नंतर हपिसला जाणाऱ्यांची जी रांग लागली, तिच्या शेपटाला आज आम्ही डोंबिवलीकर लोंबकळतो आहोत.

या कारकुनाला इंग्रजी कशासाठी हवं होतं? अर्ज करायला, जबाब द्यायला, आणि चूक झाली तर ती आपली नव्हती हे पटवायला. भांडायला नव्हे. साहेब अंगावर ओरडायचा तो त्याच्या बोलीत, आणि कारकून घरी जाऊन बायकोवर ओरडायचा तो आपल्या बोलीत. मधल्या मधे जी कागदी इंग्रजी तयार झाली, तिच्यात ओरडण्याला शब्दच उरला नाही. पत्राच्या शेवटी ‘युवर मोस्ट ओबीडिएंट सर्व्हंट’ लिहायचं. गंमत म्हणजे इंग्रज अधिकारीही एकमेकांना तसंच लिहीत, पण त्यांना तो निव्वळ शिरस्ता आहे हे ठाऊक होतं. आमच्या आजोबा-पणजोबांनी तो मनावर घेतला. अर्थात सगळं खापर इंग्रजांवर फोडण्यात अर्थ नाही. अर्ज, दफ्तर, कारकून, शिरस्ता हे शब्दच मुळी फारसी-अरबीतून आलेले. लवून लिहायची सवय आपल्याला आधीपासूनच होती. इंग्रजीने तिला टाय बांधला एवढंच.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. तर्खडकर घराण्यातले भास्कर पांडुरंग. मराठीचं व्याकरण १८३६ साली लिहिणारे दादोबा पांडुरंग, त्यांचे हे धाकटे भाऊ. यांनी १८४१ साली, वयाच्या पंचविशीत, ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘ए हिंदू’ या टोपणनावाने पत्रांची मालिका लिहून कंपनी सरकारला इंग्रजीतून चांगलं सुनावलं. तुम्ही आम्हाला लुटता आहात आणि वर उपकार केल्याचा आव आणता आहात, असा एकंदर मतलब. मराठी माणसाने इंग्रजीतून केलेली ही बहुधा पहिलीवहिली खरडपट्टी असावी. पण भास्कर पांडुरंग १८४७ साली, ऐन एकतिशीत वारले. आणि पुढे मराठी घराघरांत तर्खडकर हे आडनाव पोचलं ते कशामुळे? तर भाषांतर पाठमालेमुळे! तीन भागांतली ती तर्खडकरी पाठमाला शंभरहून अधिक वर्षं मराठी पोरांनी घोकली. मराठी वाक्य डावीकडे, इंग्रजी उजवीकडे, आणि मधे आपण. तिच्यामुळे आमच्या कितीतरी पिढ्या बिनचूक इंग्रजी शिकल्या, हे मी हात जोडून मान्य करतो. पण एकाच आडनावात सुनावणारी इंग्रजीही होती आणि घोकण्याची इंग्रजीही होती, आणि आपण नेमकी दुसरी उचलली.

माझ्या वाट्याला तर्खडकरांच्या बरोबरीने रेन आणि मार्टिन आले. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि १९२४ साली त्यांनीच ‘बो जेस्ट’ ही परदेशी फौजेतल्या साहसांची कादंबरी लिहिली, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळतं तर मी व्याकरणाऐवजी तीच मागवली असती. त्यांचं मार्टिनसाहेबांबरोबरचं व्याकरण १९३०च्या दशकात मुंबईत निघालं आणि अजून खपतं आहे. मला त्यातलं आठवतं ते कर्तरी-कर्मणी. ‘रामाने रावणाला मारले’चं ‘रावण रामाकडून मारला गेला’ करायचं. सरांनी सांगून ठेवलं होतं की कर्ता महत्त्वाचा नसेल तर ‘रामाकडून’ गाळलं तरी चालतं. शाळेत या प्रश्नाला मार्क होते. बँकेत याच्यावर अख्खी नोकरी निघते. ‘द कस्टमर वॉज आस्क्ड टु कम अगेन.’ कोणी सांगितलं? ते महत्त्वाचं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. विनायक लक्ष्मण भावे आणि मंडळींनी १८९३ साली ही संस्था काढली, तेव्हा ती केवळ मराठी पुस्तकांसाठी होती. तिथे इंग्रजी कोश मागताना मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण खुर्ची चांगली होती आणि चष्मेवाले गृहस्थ पुष्कळ बसले होते, त्यामुळे मी गर्दीत मिसळून गेलो. मग तिथे, पुढे घरी आणि शेवटी मुलाच्या मोबाइलवर मी जे काही धुंडाळलं, त्याचं सार असं.

इंग्रज माणूस जेव्हा मनापासून रागावतो, तेव्हा तो ‘मिसबिहेव्ह’ वगैरे म्हणत नाही. तो टेल, पुट, कट, टॉक, स्नॅप, ब्रश असली अगदी चार आण्यांची क्रियापदं घेतो आणि त्यांच्या मागे ऑफ, डाउन, इन, ॲट असं एखादं शेपूट जोडतो. टेल म्हणजे सांगणे. टेल ऑफ म्हणजे झापणे. टॉक म्हणजे बोलणे. टॉक डाउन म्हणजे तुला काय कळतंय अशा सुरात बोलणे. कट म्हणजे कापणे. कट इन म्हणजे दुसऱ्याचं वाक्य मधेच कापून आपलं घुसवणे. शेपूट बदललं की जनावर बदलतं. यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा इंग्रजी कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने कबूल केलं आहे, की परक्या माणसाला आमच्या भाषेत सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट हीच. परक्यांच्या हालांची इतकी आधी दखल घेणारा माणूस मला आवडला. पण या जॉन्सनची एक गंमत आहे. कोशाच्या कामासाठी मदत मागायला तो लॉर्ड चेस्टरफील्डच्या दारात गेला होता. लॉर्डसाहेबांनी दिवाणखान्याबाहेर ताटकळत ठेवलं, दारातून परत पाठवलं. पुढे सात वर्षांनी कोश तयार झाल्यावर लॉर्डसाहेब त्याची स्तुती करायला पुढे सरसावले. तेव्हा जॉन्सनने १७५५च्या फेब्रुवारीत त्यांना जे पत्र लिहिलं, ते इंग्रजीतलं सर्वांत गाजलेलं तक्रारपत्र आहे. आणि त्यात दारातून हाकललं याला त्याने शब्द वापरला तो ‘रिपल्स्ड’! साधं ‘टर्न्ड अवे’ नव्हे. चांगला लॅटिनचा, झूल घातलेला शब्द. म्हणजे शेपटांची नोंद करणारा माणूसही कागदावर रागवायची वेळ आली तेव्हा झूल घालूनच बाहेर पडला. जॉन्सनला ते शोभलं, कारण त्याच्या झुलीखाली हत्ती होता. आमच्या अर्जांत नुसती झूल असते.

नोंद १७५५ सालची. पण या क्रियापदांना नाव मिळायला एकशेसत्तर वर्षं लागली. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव सुचवलं आणि लोगन पिअरसॉल स्मिथने ते १९२५ साली आपल्या पुस्तकात छापलं. तोवर ब्रॅडली वारलेले होते. आमच्याकडे बढतीची ऑर्डर अशीच येते.

मग १९३० साली ऑग्डेन नावाच्या विद्वानाने जाहीर केलं, की परक्यांसाठी मी साडेआठशे शब्दांत सगळं इंग्रजी बसवलं आहे, आणि त्यात क्रियापदं अवघी अठरा! हे वाचून मला गहिवरून आलं. पण नीट पाहिलं तेव्हा हिशेबातली मेख कळली. ‘सहन करणे’ याला त्याच्या यादीत शब्द नाही. पण पुट आहे, अप आहे, विथ आहे. आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. तीन शब्द यादीत, चौथा अर्थ यादीबाहेर. आमच्या ऑडिटरने हा ताळेबंद क्षणभरही मान्य केला नसता.

खरी मदत परक्यांना झाली ती परक्या देशात. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानला गेले. इंग्रज पोराला जे सांगावं लागत नाही तेच जपानी पोराला सांगावं लागतं, हे त्यांनी वर्गात पाहिलं, आणि दोघा सहकाऱ्यांबरोबर त्या दृष्टीने कोश रचला. तो छापून निघाला १९४२ साली, टोकियोत. म्हणजे जपान आणि इंग्लंड एकमेकांच्या उरावर बसले असताना, आणि स्वतः हॉर्नबींना शत्रूचा माणूस म्हणून जपान्यांनी स्थानबद्ध करून झालेलं असताना. पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावावर छापला, आणि त्याचेच वंशज आज आपल्या पोरांच्या दप्तरात असतात. कैदेत पडलेल्या माणसाच्या कोशात ‘पुट अप विथ’ कसं दिलं आहे हे पाहायची मला फार इच्छा आहे. १९८३ साली तर लाँगमन कंपनीने नुसत्या या क्रियापदांचा स्वतंत्र कोश काढला. म्हणजे पीडितांची संख्या पुरेशी वाढली होती.

हे सगळं वाचत असताना मास्तरांचं पत्र शेजारी उघडं होतं, आणि एकदम माझ्या लक्षात आलं: अरे, हे तर आपल्याकडे आहे! आपण शेपूट म्हणून दुसरं क्रियापद लावतो, एवढाच फरक. इंग्रजांचं ‘ऑफ’ म्हणजे आपलं ‘लावणे’. उडवून लावणे, धुडकावून लावणे, पिटाळून लावणे, परतवून लावणे. ब्रश ऑफ, चेस ऑफ, फाइट ऑफ. त्यांचं ‘डाउन’ म्हणजे आपलं ‘पाडणे’. सूचना हाणून पाडणे म्हणजे शूट डाउन, तंतोतंत! घालूनपाडून बोलणे म्हणजे पुट डाउन. त्यांनीही माणसाला खालीच ठेवला आहे. त्यांचं ‘ॲट’ म्हणजे आपलं ‘अंगावर’. खेकसणे म्हणजे स्नॅप ॲट. कुत्रं तिथेही आहे, इथेही आहे. मधे तोंड घालणे म्हणजे बट इन. त्यांनी डोकं घातलंय, आपण तोंड घातलंय. पंचवीस-तीस वर्षं जी इंग्रजी मला परकी वाटत होती, ती अपमानाच्या बाबतीत अगदी सख्खी चुलत निघाली. ठाणे ते कल्याण गाडीच्या दारात उभं राहून जी मराठी ऐकायला मिळते, तिच्या जातीची. तर्खडकरांच्या उजव्या रकान्यात ती मला भेटली नव्हती, कारण डाव्या रकान्यातही असली मराठी नव्हती.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तितकी सुखाची नव्हती. कॉमर्स शिकताना मी ही क्रियापदं रोजच वापरत होतो. सेट ऑफ, वाइंड अप, कॅरी डाउन, राइट बॅक. आणि राइट ऑफ. वसूल होण्याची आशा नाही असं खातं बुडीत म्हणून वहीतून काढून टाकायचं, ते राइट ऑफ. परीक्षेत मी याची नोंद बिनचूक करायचो. ‘टाकून बोलणे’ला इंग्रजी काय लावावं म्हणून मी दोन तास डोकं खाजवत होतो, आणि शब्द माझ्या डिग्रीतच होता. चौदा नोव्हेंबरला, शंभर अंगठ्यांनंतर, एकशे एकाव्याला मी राइट ऑफ केलं होतं.

रात्री मी पहिला खर्डा फाडला आणि नव्याने लिहायला बसलो. ‘द मॅन विथ ग्लासेस ॲट काउंटर थ्री...’ हा कर्ता. तो गाळायचा नाही, असं ठरवून टाकलं. तो खेकसला, त्याने मला बुडीत खात्यात टाकलं, प्रश्न ब्रश ऑफ केला, लोकांसमोर पुट डाउन केलं, आणि शेवटी ‘सेंट मी पॅकिंग’. अंगठेबहाद्दरांच्या वाक्यापाशी मात्र माझं इंग्रजी संपलं. ते मी जसं जमलं तसं सरळ लिहून टाकलं.

सकाळी साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग हिंदीत म्हणाले, “हे तर खरंच भांडण वाटतंय. कोण आहे हा माणूस?”

“मीच, साहेब,” मी म्हणालो.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोलले, आणि जे बोलले त्याला टेल ऑफ म्हणतात. दार लावलेलं होतं, पण काचेचं होतं. आवाज गेला नसला तरी चित्र सगळ्या शाखेला दिसलं. शेवटी ते एकदम हळू आवाजात म्हणाले, की त्यांचे वडीलही पेन्शनर आहेत, आणि दर नोव्हेंबरात तिकडे गावाकडून तालुक्याच्या बँकेत एसटीने जातात. एसटी हा शब्द त्यांनी मराठी म्हणून वापरला. मग त्यांनी शाखेचं म्हणणं स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘द कन्सर्न्ड स्टाफ हॅज बीन सुटेबली अडव्हाइज्ड.’ कर्ता गाळलेला. त्या एका कर्मणी प्रयोगाने माझी नोकरी वाचवली, म्हणून त्याबद्दल मी यापुढे वाईट बोलणार नाही.

रविवारी आम्ही दोघं फॉर्म घेऊन कल्याणला गेलो. मास्तर घरी नव्हते. १८६४ सालापासून चालू असलेल्या तिथल्या सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला गेले होते. आम्ही वाट पाहत बसलो. म्हणजे मला आणि बँकेला जी गोष्ट करायची सवय नाही ती केली. मास्तर आले. मला त्यांनी चष्म्यावरून ओळखलं.

“मास्तर, चुकलं माझं,” मी म्हणालो.

“चुकलंच,” ते म्हणाले. “म्हणून तर लिहिलं. बसा. चहा टाकायला सांगतो.”

नोकरीत ते इंग्रजीच शिकवत, हे तेव्हा कळलं. मग तक्रार मराठीत का? तर म्हणाले, “भांडताना व्याकरणाकडे लक्ष द्यावं लागू नये.” भाषांतराची प्रत मी खिशातून आणली होती. ती त्यांनी मागून घेतली, कानावरची पेन्सिल काढली, आणि साहेबांसमोर, चहा येईपर्यंत, ते पान तपासलं. एके ठिकाणी मी ‘स्नॅप्ड ऑन’ लिहिलं होतं, तिथे खोडून ‘ॲट’ केलं. ‘राइट ऑफ’पाशी थांबले आणि बाजूला बारीक बरोबरची खूण केली.

मला राहवेना. मी म्हणालो, “मास्तर, ते शेवटचं, ते हयात होऊन या म्हणालो होतो ते, ते तुम्ही पत्रात घातलं नाहीत.”

“नाही घातलं,” ते म्हणाले. “घातलं असतं तर वरचे साहेब हसले असते. मग तक्रार गेली असती बाजूला.”

साहेबांना ‘काय म्हणाले’ ते हवं होतं. मी नाही सांगितलं.

चहा झाला. यंत्र आम्ही आणलंच नव्हतं. मास्तरांनी कागदी फॉर्मवर सही केली, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून. त्याखाली ‘सदर निवृत्तिवेतनधारक हयात असल्याचे मी समक्ष पाहिले आहे’ असं छापलेलं होतं, तिथे साहेबांनी सही करून शिक्का मारला. मास्तरांनी फॉर्म पुन्हा हातात घेऊन वाचला. ‘सदर’ या शब्दावर त्यांची पेन्सिल जराशी रेंगाळली.

“असू दे,” ते म्हणाले, आणि फॉर्म माझ्या हातात दिला.